दुसऱ्यानं जपलेला आवाज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज तुम्हाला एका ध्वनिफितीची गोष्ट सांगायची आहे. फीत म्हणजे जुन्या काळची, मोठ्या चकरीवर गुंडाळलेली. तिच्यावर चोवीस वर्षांच्या एका मुलीचं गाणं आहे. मुलगी एकटी, हातात साधी लाकडी गिटार, समोर एका छोट्या कॉफीगृहात मावतील एवढी माणसं. मागे वाद्यवृंद नाही, झगमगाट नाही. ही मुलगी पुढं जगभर गाजली. तिचं नाव जोनी मिचेल. फितीवरच्या मैफलीची तारीख १९ मार्च १९६८ आणि गाव कॅनडाची राजधानी ओटावा. ही मैफल जगाला ऐकायला मिळाली ती मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधली त्रेपन्न वर्षं या आवाजाचं काय झालं, कुणी तो पकडला, कसा हरवला आणि परत आल्यावर त्यानं काय दिलं, हे सगळं मला फार विचार करण्यासारखं वाटतं.

आधी या मुलीची ओळख करून देतो. तिचा जन्म ७ नोव्हेंबर १९४३ चा, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या फोर्ट मॅक्लाउड या लहान गावातला. माहेरचं नाव रॉबर्टा जोन अँडरसन. वाढली सास्काटून शहरात, म्हणजे दूरवर पसरलेल्या गव्हाच्या मुलखात. वयाच्या नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला. त्या इस्पितळात आपण नाताळची गाणी मोठमोठ्यानं म्हणत असू, असं तिनं पुढं सांगितलं आहे. आजारातून ती चालती झाली, पण डाव्या हातातली ताकद कमी झाली. हा तपशील लक्षात ठेवा, कारण तो आपल्याला तिच्या गाण्यात पुन्हा भेटणार आहे. मन खरं चित्रकलेत होतं. चित्रकलेच्या शिक्षणासाठी ती कॅलगरीला गेली, एका वर्षातच ते सोडलं आणि गिटार घेऊन टोरांटोला निघाली.

त्या काळी कॅनडा-अमेरिकेत लोकगीतांची मोठी लाट होती. आपल्याकडे लोकगीत म्हटलं की डफ, तुणतुणं, जातं, भलरी आठवते. ज्याचा कवी ठाऊक नाही असं समूहाचं गाणं आठवतं. तिकडच्या या लाटेत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. जुनी, तोंडोतोंडी आलेली गाणी होती आणि त्याच वळणावर तरुणांनी स्वतः रचलेली नवी गाणीही होती. ती गायची जागा म्हणजे कॉफीगृह. मंच वीतभर उंच, गायक आणि श्रोता यांच्यात हातभराचं अंतर. एका रात्रीत दोन-तीन बैठका व्हायच्या. ओटावातल्या अशाच एका कॉफीगृहाचं नाव होतं ‘ल हिबू’. फ्रेंच भाषेत हिबू म्हणजे घुबड. आपल्याकडे घुबडाचं नाव काढलं तरी म्हातारी माणसं थू थू करतात. तिकडं या घुबडाच्या घरात एका पिढीनं गाणं ऐकलं. १९६० मध्ये सुरू झालेलं हे ठिकाण १९७५ मध्ये बंद पडलं.

त्या मार्च महिन्यात जोनी तिथं गात होती. तिची पहिली तबकडी त्याच महिन्यात बाजारात येत होती. म्हणजे नाव अजून व्हायचं होतं. मैफलीआधी कुणीतरी येऊन तिला सांगितलं, बाहेर जिमी हेंड्रिक्स आला आहे.

जिमी हेंड्रिक्स हे नाव तरुण श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. विजेच्या गिटारचा तो बादशहा. अमेरिकेतला कृष्णवर्णीय मुलगा, तेव्हा पंचविशीतला. जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी, जून १९६७ मध्ये, माँटेरेच्या संगीत महोत्सवात त्यानं हजारो लोकांसमोर आपली गिटार पेटवून दिली होती. त्याचं वादन म्हणजे वादळ, कानठळ्या बसवणारं. त्या दिवशी त्याचेही ओटावात कार्यक्रम होते. तो आला तेव्हा त्याच्या हातात एक मोठी पेटी होती. जोनीनं ही आठवण पुढं सविस्तर सांगितली आहे. त्यानं आपलं नाव सांगितलं, आपण दोघं एकाच कंपनीसाठी गातो असं सांगितलं आणि विचारलं, तुझं गाणं ध्वनिमुद्रित केलं तर चालेल का? ती म्हणाली, खुशाल कर. पेटीत फितीवर ध्वनिमुद्रण करायचं यंत्र होतं.

मग हा बादशहा तिच्या मंचाच्या कडेला गुडघे टेकून बसला. मंच जमिनीपासून फूटभर उंच. हातात मायक्रोफोन धरून, मैफल संपेपर्यंत तो यंत्राची बटणं फिरवत राहिला. आवाज कुठं फाटतो आहे, कुठं बारीक होतो आहे, ते पाहत राहिला. रात्री हॉटेलवर परतल्यावर त्यानं या फिती पुन्हा ऐकल्या. त्या दिवसाची त्याची रोजनिशीतली नोंद उपलब्ध आहे. त्या मुलीच्या शब्दांनी तो भारावून गेला होता, हे त्या दोन-चार ओळींतूनही कळतं.

ज्याच्या अंगात स्वतःच एवढं संगीत आहे, तो माणूस दुसऱ्याचं संगीत नीट उतरावं म्हणून गुडघ्यावर बसतो, हे दृश्य मला फार मोलाचं वाटतं. मी मुशायऱ्यांतून आणि कविसंमेलनांतून वाढलेला माणूस आहे. घरात दखनी, शाळेत मराठी, त्यामुळे दोन्हीकडच्या बैठका पाहिल्या. मुशायऱ्यात नवखे कवी आधी वाचतात आणि बुजुर्ग शेवटी. नवखा उभा राहतो तेव्हा त्याचं लक्ष गर्दीकडं नसतं. ते पुढच्या रांगेत तक्क्याला टेकून बसलेल्या बुजुर्गाकडं असतं. गर्दीनं टाळ्या वाजवल्या तर बरं वाटतं, पण त्या बुजुर्गानं मान वर करून ‘मुकर्रर’ म्हटलं, म्हणजे पुन्हा वाच म्हटलं, तर तो शब्द माणूस जन्मभर उराशी बाळगतो. हेंड्रिक्सची ती फीत हीसुद्धा एक दादच होती. तो नुसता वाहवा करून थांबला नाही. त्यानं ती मैफल जपायची जबाबदारी अंगावर घेतली.

आणि ती जबाबदारी पार पाडणं त्याच्या हातात राहिलं नाही. काही दिवसांतच त्या फिती चोरीला गेल्या. १८ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, हेंड्रिक्स लंडनमध्ये वारला. फिती गेल्या त्या गेल्याच, असं सगळे धरून चालले. जोनीच्या आठवणीत ती रात्र राहिली, पण ऐकायला काही नव्हतं. पुढं कितीतरी वर्षांनी या फिती एका खासगी संग्रहात सापडल्या. तो संग्रह कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागाराकडं देण्यात आला होता. तिथून त्या जोनीकडं परत आल्या आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या दुसऱ्या संचात प्रसिद्ध झाल्या.

अशा ध्वनिमुद्रणात असतं तरी काय, असं कुणी विचारील. त्यातली काही गाणी तर पुढं स्टुडिओत अधिक स्वच्छ ध्वनिमुद्रित झालीच. पण स्टुडिओच्या तबकडीवर जे पुसून टाकतात, तेच इथं शाबूत असतं. गाण्यांच्या मधलं बोलणं असतं, श्रोत्यांचं हसणं असतं, तारा जुळवण्याचा आवाज असतो.

तारांवरून मघाचा तो डाव्या हाताचा तपशील आठवतो. गिटारच्या सहा तारा नेहमी ठरावीक स्वरांत जुळवतात आणि डाव्या हातानं वेगवेगळ्या आकारांत दाबून त्यांतून स्वरसंगती काढतात. पोलिओमुळं जोनीच्या बोटांना ते सगळे आकार झेपेनात. म्हणून तिनं ताराच वेगळ्या जुळवायला सुरुवात केली. नुसत्या छेडल्या तरी स्वरसंगती उमटेल अशा. एका गाण्यासाठी एक जुळवणी, दुसऱ्यासाठी दुसरी. पुढं अशा पन्नासेक जुळवण्या तिनं वापरल्या आणि जाणकार म्हणू लागले की हिच्या गिटारसारखा नाद दुसऱ्या कुणाच्या गिटारला नाही. पण त्यामुळं मैफलीत दर गाण्यानंतर खुंट्या पिळत बसावं लागे. तेवढा वेळ श्रोत्यांना काय द्यायचं? मग ती गप्पा मारी, गोष्टी सांगे, गाणं कुठं सुचलं ते सांगे. त्या गप्पा आज आपल्याला गोड लागतात. त्यांच्या मुळाशी नऊ वर्षांच्या मुलीचं दुखणं आहे.

आणखीही काही दुखणं होतं, ते श्रोत्यांना ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी १९६५ मध्ये टोरांटोत जोनीला एक मुलगी झाली होती. लग्न झालेलं नव्हतं, बापानं साथ सोडली होती, खिशात पैसा नव्हता. त्या काळात अविवाहित आईकडं समाज कोणत्या नजरेनं बघत होता, ते वेगळं सांगायला नको. आईवडिलांना तिनं कळू दिलं नाही. अखेर मुलगी दत्तक गेली. त्याच वर्षी, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातून, तिनं आईच्या वाढदिवसासाठी एका फितीवर आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. ही फीतही आता प्रसिद्ध झाली आहे. ऐकणाऱ्याला आज जे माहीत आहे, ते ती ज्या आईसाठी गात होती तिला माहीत नव्हतं. आवाज तर प्रसन्न आहे. त्या मुलीविषयी तिनं एक गाणंही रचलं. १९७१ च्या ‘ब्लू’ या तबकडीवर ते आलं. पण ते कुणासाठी आहे, हे बहुतेक श्रोत्यांना कळायला पंचवीस-तीस वर्षं लागली. १९९७ मध्ये मायलेकींची भेट झाली.

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. जोनी मिचेलला स्वतःला हे जुनं गाणं नकोसं होतं. पुढं ती जाझच्या वाटेनं गेली, मोठमोठ्या वादकांबरोबर तिनं काम केलं. कुणी तिला लोकगायिका म्हटलं की तिला राग यायचा. सुरुवातीची ती उंच पट्टीतली, कोवळी गाणी तिला आपली वाटत नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये जुन्या ध्वनिमुद्रणांचा पहिला संच निघाला. १९६३ ते १९६७ या काळातली, जवळजवळ सहा तासांची. त्यात तिची अशी २९ गाणी होती जी तिच्या आवाजात पूर्वी कधीच प्रसिद्ध झाली नव्हती. त्या निमित्तानं तिनं हे सगळं पुन्हा ऐकलं आणि ती जे बोलली ते प्रांजळ होतं. या गाण्यांतली पुष्कळशी आपल्या हातून गळून गेली, ती आता फक्त या फितींवरच उरली आहेत, असं ती म्हणाली. या ऐकण्यानं मला माझी सुरुवात क्षमा करता आली, असंही ती म्हणाली. आणि अखेर तिनं कबूल केलं की होय, मी लोकगायिका होते.

लिहिणाऱ्या माणसाला या बोलण्याचा अर्थ लगेच कळतो. आपल्या पहिल्या कविता कुणी वाचून दाखवू लागला की अंग चोरावंसं वाटतं. बीएच्या वर्गात असताना तालुक्याच्या गावी झालेल्या एका कविसंमेलनात मी कविता वाचली होती. एका मित्रानं ती कॅसेटवर उतरवून घेतली आणि वीस-बावीस वर्षांनी मला आणून दिली. ऐकली. आवाज किरटा, वाचनाची घाई, कवितेत चंद्र आणि जखमा मुबलक. कॅसेट बंद करणार, तेवढ्यात मागून एक आवाज आला, ‘पुन्हा म्हण.’ आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ कवींचा आवाज. ते आता हयात नाहीत. त्यांनी असं म्हटल्याचं मला मुळीच आठवत नव्हतं. म्हणजे जी दाद आपण जन्मभर जपू असं आपल्याला वाटतं, तीसुद्धा आपण विसरतो. ती जपली होती माझ्या मित्राच्या कपाटातल्या कॅसेटनं.

कलावंत आपली सुरुवात स्वतः सांभाळत नाही, हे यातून माझ्या ध्यानात आलं. त्याला पुढं जायचं असतं, मागचं ओझं वाटतं. संधी मिळाली तर तो ते जाळूनही टाकील. सांभाळतं ते दुसरंच कुणीतरी. जोनीच्या बाबतीत तर हे पदोपदी दिसतं. तिचं सगळ्यात जुनं उपलब्ध गाणं १९६३ च्या सुमाराचं, सास्काटूनच्या एका रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रित झालेलं आहे. ती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. नऊ गाणी आहेत, सगळी जुनी, दुसऱ्यांची. स्वतःचं गाणं ती अजून रचू लागली नव्हती. रेडिओच्या एका निवेदकाला या मुलीत काहीतरी आहे असं वाटलं, म्हणून त्यानं ती फीत केली. ती अर्धशतकाहून अधिक काळ अडगळीत राहिली. मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावी ऑक्टोबर १९६७ मध्ये झालेली मैफल कुणीतरी उतरवून घेतली म्हणून आहे. ओटावाची हेंड्रिक्सनं घेतली म्हणून आहे. यातली एकही फीत जोनीनं स्वतः जपलेली नव्हती.

आता शेवटची हकिगत. मार्च २०१५ मध्ये जोनीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली. ती वाचली, पण बोलणं, चालणं, खुर्चीत बसणं, बिछान्यातून उठणं, सगळं तिला नव्यानं शिकावं लागलं. पोलिओनंतर एकदा चालायला शिकलेली बाई सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा चालायला शिकली. गिटार मात्र बोटांतून गेली होती. २४ जुलै २०२२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, ती न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात अचानक मंचावर आली. त्या मंचावर ती याआधी गायली होती १९६९ मध्ये. आवाज आता खाली उतरलेला, खर्जाकडं झुकलेला. तरुण गायक-वादक तिच्याभोवती गोलाकार बसले होते आणि त्यांतल्या कित्येकांचे डोळे वाहत होते. मध्येच ती उभी राहिली, गिटार घेतली आणि एकटीनं वाजवली. हे कसं जमलं असं तिला विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की आपल्याच जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफिती पाहून, बोटं कुठं ठेवायची हे मी पुन्हा शिकले.

श्रोतेहो, हे ऐकलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. तरुणपणी कुणीतरी आपलं गाणं टिपून ठेवावं आणि म्हातारपणी, हातातून सगळं निसटल्यावर, त्याच तरुण मुलीनं आपली गुरू व्हावं. चित्रफीत असो, ध्वनिफीत असो, टिपून ठेवणाऱ्या त्या अनोळखी माणसांना आपण कुणासाठी काय राखून ठेवत आहोत याची कल्पनाही नसेल.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात नाहीतर पलंगाखालच्या पेटीत, जुन्या कॅसेटी असतील. कुणा आजीच्या ओव्या, कुणा काकांचं कीर्तन, बारशाचे पाळणे, गावातल्या कव्वालीची एक रात्र. ही फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर लावलेला लोखंडी भुकटीचा थर. दमट हवेत तिला बुरशी येते, उन्हाच्या तापानं ती वाकते, आणि ती वाजवणारी यंत्रं तर तिच्याआधीच भंगारात जातात. म्हणून आधी बाहेर काढून पाहा. बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर संगणकावर उतरवून घ्या, आणि मूळ फीत फेकू नका. मुख्य म्हणजे वर एक चिठ्ठी लावा: आवाज कुणाचा, गाव कोणतं, साल कोणतं. ज्या माणसाचा तो आवाज आहे ते जर हयात असेल, तर त्याला बोलावून ऐकवा. ते लाजेल, कशाला उकरून काढलंत म्हणेल, बंद करा म्हणेल. दोन मिनिटं थांबा, लगेच बंद करू नका.